बायकांचा आजार, मग वडिलांचेच फुप्फुस का?

आपल्या पत्रातील हकीकत आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे हे उत्तर इतर वाचकांनाही आपापल्या घरातल्या रुग्णाशी ताडून पाहता येईल. आपले वडील ६४ वर्षांचे आहेत, तरुणपणापासून विडी ओढत आले आहेत, आठ वर्षांपूर्वी त्यांना ऱ्हूमॅटॉइड संधिवाताचे निदान झाले आणि आता एचआरसीटीमध्ये, म्हणजे छातीच्या बारकाईच्या सीटी स्कॅनमध्ये, दोन्ही फुप्फुसांच्या तळाशी फायब्रोसिस, म्हणजे वणासारखा घट्टपणा, दिसतो आहे. त्यांच्या सख्ख्या बहिणीला, म्हणजे आपल्या आत्यांना, तोच संधिवात वीस वर्षांपासून आहे, हाताची बोटे वाकडी झाली आहेत, पण छातीची तक्रार नाही. धाकट्या बहिणीला २९व्या वर्षी स्क्लेरोडर्मा, म्हणजे कातडी व आतले अवयव कडक होण्याचा आजार, आणि त्यासोबत फुप्फुसाचा आजार निघाला. ती मायकोफेनोलेट हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध घेते, वजन ४२ किलो, लग्नाला दोन वर्षे झाली आणि सासरी मुलाची चौकशी सुरू आहे. आपण विचारता की हा ‘बायकांचा आजार’ असेल तर वडिलांना इतका का बाधला, बहिणीचे दुखणे तिच्या बाईपणातून आले का, आणि तिने मूल होऊ द्यावे का.

पहिल्या प्रश्नाची अडचण अशी की त्यात दोन वेगळे प्रश्न एकत्र झाले आहेत. आपल्या घरातले दोन्ही आजार स्वयंप्रतिकार, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटण्याचे, आहेत. असा आजार कोणाला होतो हा एक प्रश्न आणि झालेल्या आजारात फुप्फुस कोणाचे जाते हा दुसरा. पहिल्याचे उत्तर बहुतांशी ‘स्त्रियांना’ असे आहे. याच वर्गातल्या ल्युपस आणि शोग्रेन सिंड्रोम या आजारांत एका पुरुषामागे सुमारे नऊ स्त्रिया असतात, स्क्लेरोडर्मात तीन-चार, ऱ्हूमॅटॉइड संधिवातात दोन ते तीन. मात्र फुप्फुसाच्या दारापाशी हा हिशेब पुष्कळदा उलटतो. संधिवाताच्या रुग्णांत स्त्रिया जास्त असूनही फुप्फुसाचा फायब्रोसिस होण्याचा धोका पुरुष रुग्णाला अधिक असतो. स्क्लेरोडर्मा पुरुषांना कमी वेळा होतो, पण झाला तर त्यात फुप्फुस बाधित होण्याची आणि आयुष्य कमी होण्याची शक्यता त्यांच्यात जास्त दिसते. आपल्या घरात वडील आणि आत्या यांच्यात जे घडले ते म्हणून अपवाद नव्हे, ते नेहमीच्या चित्राला धरूनच आहे.

स्त्रीशरीर या आजारांकडे का झुकते याबद्दल आता बरेच समजले आहे. स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोन एक्स गुणसूत्रे असतात आणि त्यांपैकी एक गर्भावस्थेतच बंद केले जाते, ही कल्पना ब्रिटिश जनुकशास्त्रज्ञ मेरी लायन यांनी १९६१ मध्ये मांडली. हे बंद करण्याचे काम ‘झिस्ट’ नावाचा एक लांबलचक आरएनए करतो. पण कुलूप पूर्ण बसत नाही. रोगप्रतिकाराशी संबंधित काही जनुके, उदाहरणार्थ टीएलआर-७, बंद गुणसूत्रावरूनही काही पेशींत काम करत राहतात आणि त्यामुळे प्रतिपिंडे (अँटीबॉडी) बनवणाऱ्या पेशी अधिक सहज चेतवल्या जातात. दोन एक्स आणि एक वाय असलेल्या, म्हणजे क्लाइनफेल्टर सिंड्रोम असलेल्या, पुरुषांत ल्युपसचे प्रमाण इतर पुरुषांच्या सुमारे १४ पट आढळले आहे. शरीर पुरुषाचे आणि संप्रेरकेही मुख्यत्वे पुरुषाचीच असताना हा फरक दिसतो, याचा अर्थ सगळा दोष इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाच्या माथी मारता येत नाही. २०२४ मध्ये स्टॅनफर्डच्या एका गटाने नर उंदरांना झिस्ट बनवायला लावले; एका विशिष्ट वाणाच्या उंदरांत, रसायन टोचून ल्युपससारखा आजार चेतवल्यावर, तो मादीइतकाच तीव्र झाला. झिस्टला चिकटलेली प्रथिनेच शरीराला परकी वाटू लागतात, असा त्यातून निघणारा तर्क आहे.

संप्रेरकांचा भाग अर्थात आहेच, परंतु तो सरळ रेषेत चालत नाही. गरोदरपणात संधिवात बऱ्याच जणींत शांत होतो, तर ल्युपस उसळू शकतो. अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे डॉक्टर फिलिप हेंच यांनी १९३८ मध्ये गरोदर स्त्रियांच्या सांध्यांना आराम पडतो हे नोंदवले आणि शरीरातच काहीतरी औषधी द्रव्य तयार होत असावे असा माग काढत १९४८ मध्ये ते कॉर्टिसोन या स्टिरॉइडपर्यंत पोहोचले. १९५०चे नोबेल त्यासाठी मिळाले. आपले वडील आज सकाळी जी स्टिरॉइडची गोळी घेतात तिच्या उगमाशी गरोदर बायकांचे सूज उतरलेले सांधे आहेत, हे मला नेहमी गमतीचे वाटते.

आता वडिलांकडे वळतो. त्यांच्या बाबतीत पुरुष असणे आणि पुरुषासारखे जगणे या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहाव्या लागतील. मराठीत ‘लिंग’ हा एकच शब्द दोन्हीला वापरला जातो, म्हणून मी गुणसूत्रे व संप्रेरके यांच्यापुरता ‘जैविक लिंग’ असा शब्द वापरतो, आणि समाजाने वाटून दिलेली कामे, सवयी, मोकळीक व बंधने यांना ‘लिंगभाव’ म्हणतो. विडी ही लिंगभावाची गोष्ट आहे. २०१६-१७च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतात १९ टक्के पुरुष धूम्रपान करत होते आणि स्त्रिया अवघ्या २ टक्के. धुरामुळे फुप्फुसातील प्रथिनांमध्ये सिट्रुलिनेशन नावाचा रासायनिक बदल होतो आणि ज्यांची आनुवंशिक घडण तशी आहे त्यांच्यात त्या बदललेल्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. स्वीडनमधील संशोधकांनी २००६ मध्ये ही साखळी स्पष्टपणे मांडली. अँटी-सीसीपी ही रक्ततपासणी वडिलांची निश्चित झालेली असेल; ती शोधते ती हीच प्रतिपिंडे. अनेक रुग्णांत सांधे सुजण्याच्या कितीतरी आधी ती रक्तात असतात, आणि म्हणून संधिवाताची ठिणगी निदान काही जणांत तरी फुप्फुसात पडते व सांध्यांत नंतर पेटते, हे मत आता गांभीर्याने घेतले जाते. ‘संधिवात छातीत उतरला’ असे आपण लिहिले आहे. कदाचित तो छातीतूनच निघाला असेल.

यात वय, प्रतिपिंडांचे प्रमाण आणि एमयूसी-५बी या जनुकातील एका बदलाचीही भर पडते. हा बदल मुळात वयस्कर, धूम्रपान करणाऱ्या पुरुषांत जास्त दिसणाऱ्या आयपीएफ या फायब्रोसिसशी जोडलेला होता आणि संधिवातातील फुप्फुसरोगाशीही त्याचे नाते असल्याचे २०१८ मध्ये दिसून आले. शिवाय पुरुष सांधेदुखीसाठी उशिरा येतात. सकाळी बोटे आखडतात हे सांगायला त्यांना कमीपणा वाटतो आणि जिना चढताना लागणारी धाप ते वयावर ढकलतात.

धुळीचे उदाहरण विडीपेक्षाही बोलके आहे. स्कॉटलंडमधील पाथरवटांना स्क्लेरोडर्मा होतो हे बायरम ब्रॅमवेल यांनी १९१४ मध्ये लिहिले होते, आणि १९५७ मध्ये इरॅस्मस यांनी दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणीतील कामगारांत तेच पाहिले. ‘बायकांचा’ समजला जाणारा आजार खाणीत पुरुषांना होतो, कारण सिलिकाची धूळ त्यांच्या छातीत जाते. आपल्याकडे दगडखाणी आणि क्रशरवर स्त्रियाही घमेली उचलतात, खडी चाळतात. त्यांच्या केसपेपरवर व्यवसायाच्या रकान्यात काय असते? ‘गृहिणी’. हा एक शब्द छातीरोगाच्या निदानात किती अडथळा आणतो याची कल्पना रकाना भरणाऱ्या कारकुनाला नसते आणि खरे सांगायचे तर आम्हा डॉक्टरांनाही पुष्कळदा नसते. घरी विड्या वळणारी, शेळ्या सांभाळणारी, चुलीपुढे बसणारी, बाल्कनीत कबुतरांची घाण रोज झाडणारी, या सगळ्या ‘गृहिणी’च. भारतातील १९ शहरांमधल्या २७ केंद्रांतील १,०८४ रुग्णांची आयएलडी, म्हणजे फुप्फुसाच्या जाळीच्या आजारांची, नोंदवही २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा सर्वांत मोठा वाटा, ४७.३ टक्के, अशा श्वासावाटे गेलेल्या कणांच्या ॲलर्जीतून होणाऱ्या फुप्फुसरोगाचा निघाला आणि संधिवातवर्गीय आजारांचा १३.९ टक्के. दोन्हींचा सीटी स्कॅन कधी कधी सारखा दिसतो. फरक करायचा तर दिवसभर ती काय करते हे विचारावेच लागते, आणि तेही सोबत आलेल्या नवऱ्याला नव्हे, तिला.

सगळेच स्वयंप्रतिकार फुप्फुसरोग स्त्रियांकडे झुकतात असेही नाही. पल्मनरी अल्व्हिओलर प्रोटिनोसिस या आजारात जीएम-सीएसएफ या द्रव्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात आणि वायुकोश दुधाळ द्रवाने भरतात. त्यात स्त्रियांच्या दुप्पट पुरुष आढळतात, पण धूम्रपान न करणारे तेवढे वेगळे काढले तर तो फरक जवळजवळ मावळतो. गुडपाश्चर सिंड्रोम या फुप्फुस व मूत्रपिंडांच्या स्वयंप्रतिकार आजारातही फुप्फुसातून रक्तस्राव होणारा रुग्ण बहुधा धूम्रपान करणारा तरुण असतो.

बहिणीच्या बाबतीत आपण ‘बाईपणातून’ असा शब्द वापरला आहे. तिला आजार होण्यात जैविक लिंगाचा वाटा आहेच, तरीही फुप्फुसाचा भाग किती लवकर ओळखला गेला हे तिच्या बाईपणाकडे इतरांनी कसे पाहिले यावर ठरले असण्याची शक्यता मला जास्त वाटते. आपल्या पत्रातच दोन ओळी आहेत ज्या आपण सहज लिहून गेलात: लग्नात बांगड्या भरताना कासाराला फार त्रास झाला, साबण लावूनही हात दबेना, आणि थंडीत धुणे धुताना तिची बोटे पांढरीफटक पडून मग निळी होत. सुजून फुगलेली बोटे आणि रेनॉ, म्हणजे थंडीने बोटांतील रक्तवाहिन्या आवळणे, ही स्क्लेरोडर्माची अगदी पहिली लक्षणे आहेत. ती कासाराच्या हाताला कळली, घरात ‘अंग भरले’ म्हणून सोडून दिली गेली. माझ्या एका रुग्णाने सांगितले होते की पाणीपुरी तोंडात अख्खी जाईनाशी झाली तेव्हा मैत्रिणी हसल्या. तोंडाभोवतीची कातडी आवळत असल्याचे लक्षात यायला त्यानंतर दीड वर्ष लागले.

याच जातीचे आणखी एक उदाहरण. अँटीसिन्थेटेज सिंड्रोम नावाच्या आजारात फुप्फुस फार लवकर बाधित होते आणि बोटांच्या कडा, विशेषतः अंगठ्याची आणि तर्जनीची समोरासमोरची बाजू, खरबरीत होऊन भेगाळते. इंग्रजी पाठ्यपुस्तकांनी त्याला ‘मेकॅनिक्स हँड्स’ असे नाव दिले, कारण गॅरेजमध्ये काम करणाऱ्याचे हात तसे दिसतात. हा आजार होतो मात्र बायकांना जास्त, आणि आपल्याकडे बाईचे हात भेगाळलेले दिसले की भांड्यांची पावडर बदला असे सांगून आपण मोकळे होतो. ओळखायची खूण अशी की भांड्यांमुळे फुटलेला हात चार दिवस आराम आणि मलम मिळाले की सुधारतो. हा सुधारत नाही, आणि सोबत कोरडा खोकला किंवा चढताना दम असतो.

दम या लक्षणाचेही तसेच. पुरुष ‘दम लागतो’ म्हणतो, बाई ‘थकवा आहे’ म्हणते आणि तिला लोहाच्या गोळ्या मिळतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रियांत रक्त कमी असते, त्यामुळे ही गोळी चुकीची ठरतेच असे नाही. ती फक्त पुढचा प्रश्न थांबवते. रक्त कमी असण्याचा फुंकण्याच्या तपासणीवरही परिणाम होतो. डीएलसीओ, म्हणजे फुप्फुसातून वायू रक्तात किती चांगला जातो याचे माप, हिमोग्लोबिन कमी असले की आपोआप घटते. बहिणीचे हिमोग्लोबिन ९ असेल आणि प्रयोगशाळेने ती दुरुस्ती केली नसेल, तर आजार वाढल्याचे खोटे चित्र उभे राहील आणि विनाकारण जड औषध सुरू होईल. पुढच्या वेळी अहवालात ‘हिमोग्लोबिननुसार दुरुस्त’ असा आकडा आहे का ते पाहा. बोटाला लावायचा ऑक्सिमीटरही रेनॉच्या थंडगार बोटावर फसवा आकडा दाखवतो. तिच्या बाबतीत कानाच्या पाळीला किंवा कपाळाला लावायचा सेन्सर वापरावा.

स्त्रियांच्या फुप्फुसाला धोका कमी, असा माझ्या वरच्या लिखाणातून अर्थ काढू नये. त्यांच्यात तो पुष्कळदा दुसऱ्या वाटेने येतो. स्क्लेरोडर्माच्या मर्यादित प्रकारात, अँटीसेंट्रोमिअर प्रतिपिंडे असलेल्या आणि वर्षानुवर्षे नुसता रेनॉ घेऊन वावरणाऱ्या स्त्रीमध्ये, फुप्फुसाची जाळी ठीक राहून त्याच्या रक्तवाहिन्यांतील दाब वाढतो. सीटी स्कॅन साधारण, एफव्हीसी (खोल श्वास घेऊन जोराने बाहेर फुंकता येणारी एकूण हवा) साधारण आणि डीएलसीओ मात्र घसरत चाललेला, अशी तिची खूण असते. म्हणून दरवर्षी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, तीही करावी लागते. युरोपातील एका मोठ्या नोंदवहीत स्क्लेरोडर्मामुळे झालेल्या मृत्यूंपैकी ३५ टक्के फायब्रोसिसने आणि २६ टक्के या वाढलेल्या दाबाने झाले होते.

औषधांबद्दल एक महत्त्वाची गोष्ट सांगतो. निन्टेडॅनिब हे फायब्रोसिस मंदावणारे औषध आधी आयपीएफमध्ये अभ्यासले गेले, ज्यात बहुतेक रुग्ण पुरुष होते. स्क्लेरोडर्मासाठीच्या २०१९च्या चाचणीत ५७६ रुग्ण होते आणि त्यांत सुमारे तीन चतुर्थांश स्त्रिया. स्त्रिया, कमी वजनाच्या व्यक्ती आणि आशियाई वंशाचे लोक यांच्यात या औषधाने यकृताची एन्झाइम्स वाढण्याचा धोका जास्त असतो. ४२ किलो वजनाच्या आपल्या बहिणीत हे तिन्ही घटक आहेत. तिला हे औषध कधी द्यावे लागले तर पहिल्या तीन महिन्यांत यकृताची तपासणी एकदाही चुकवू नये.

आता मुलाचा प्रश्न. ‘कधीच नाही’ हे उत्तर सरसकट देणे मला चुकीचे वाटते आणि ‘होऊ दे, पुढचे पुढे’ हे त्याहून चुकीचे. फुप्फुसातील रक्तदाब वाढलेला असेल किंवा एफव्हीसी एक लिटरच्या खाली असेल, तर गर्भधारणा टाळावी. तिथे आईच्या जिवाचा प्रश्न असतो. तसे नसेल आणि आजार किमान सहा महिने स्थिर असेल, तर ठरवून केलेली गर्भधारणा बऱ्याच जणींना शक्य होते. ठरवून या शब्दावर माझा भर आहे, कारण मायकोफेनोलेटमुळे गर्भपात आणि बाळात गंभीर व्यंगे होऊ शकतात. ते गर्भधारणेच्या किमान सहा आठवडे आधी थांबवून त्याजागी ॲझाथायोप्रिन किंवा टॅक्रोलिमस द्यावे लागते आणि नव्या औषधावर फुप्फुस टिकते का हे काही महिने पाहावे लागते. निन्टेडॅनिब गरोदरपणात चालत नाही. अँटी-रो या प्रतिपिंडांची रक्ततपासणी आत्ताच करून घ्यावी. ती सकारात्मक असेल तर सुमारे २ टक्के बाळांत हृदयाचे ठोके अडखळण्याचा धोका असतो, तो हायड्रॉक्सिक्लोरोक्विनने कमी करता येतो आणि गर्भाच्या इकोवर लक्ष ठेवता येते. तोवर गर्भनिरोधन विश्वासार्ह हवे. मायकोफेनोलेटमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम घटू शकतो आणि रक्त गोठवणारी फॉस्फोलिपिड प्रतिपिंडे असतील तर इस्ट्रोजेनच्या गोळ्या मुळीच चालत नाहीत; तांबी हा तिच्यासाठी साधा आणि चांगला उपाय आहे.

हे सगळे तिच्या नवऱ्याने तिच्यासोबत बसून ऐकायला हवे. सासूबाईंपर्यंत निरोप पोहोचवण्याचे काम तिच्यावर पडले तर औषध बदलण्याचा निर्णय स्वयंपाकघरात होतो. गोळ्या गुपचूप बंद केलेल्या आणि पाचव्या महिन्यात धापा टाकत आलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. उलट बाजूही सांगायला हवी. सायक्लोफॉस्फामाइड हे प्रतिकारशक्ती दाबणारे जड औषध देताना तरुण स्त्रीच्या बीजकोशांची चिंता बहुतेक डॉक्टर करतात, पण त्याच औषधाने शुक्राणू नष्ट होऊ शकतात आणि आधी ते साठवून ठेवता येतात, हे तरुण पुरुषाला सांगायचे राहून जाते. मूल ही बाईचीच बाब, हा समज आमच्या खोलीतही असतोच.

वडिलांना घरी ऑक्सिजन लागेल असे आपण लिहिले आहे. त्यांनी विडी पूर्ण सोडल्याशिवाय यंत्र घरात आणू नये. नळी नाकात असताना पेटवलेली काडी चेहरा भाजते. बहिणीला पुढेमागे ऑक्सिजन लागला तर तिथे धोका गॅसच्या शेगडीचा असेल. मी अशा कितीतरी बायका पाहिल्या आहेत ज्या दिवसभर ऑक्सिजनवर असतात आणि नेमक्या उभे राहून पोळ्या लाटताना, जेव्हा तो सर्वांत जास्त लागतो, तेव्हा शेगडीमुळे नळी काढून ठेवतात. स्वयंपाक दुसऱ्या कोणीतरी करायचा, हाच यावरचा उपाय आहे आणि तो मी प्रिस्क्रिप्शनवर लिहून देतो.

राहता राहिल्या आत्या. त्यांनी धूम्रपान केलेले नाही, खोकला नाही, दम नाही. तरी सांध्यांची वीस वर्षे आणि अँटी-सीसीपी ही कारणे एकदा छाती तपासायला पुरेशी आहेत. डीएलसीओसह फुंकण्याची तपासणी करा आणि त्यात काही कमी दिसले तर एचआरसीटी. त्याआधी एक फुकटची तपासणी आहे. या आजारात फुप्फुसाच्या तळाशी, पाठीकडून, खोल श्वास घेताना वेल्क्रोची पट्टी उकलल्यासारखा बारीक आवाज येतो. नऊवारी असो की पाचवारी, पदर आणि ब्लाउजवरून स्टेथोस्कोप लावला तर कापडाच्या सरसरीत तो आवाज बुडतो, किंवा सरसरच आवाज वाटते. आत्यांसोबत आपण स्वतः आत जा, पडद्याआड ब्लाउज मागून सैल करून द्या आणि कमरेच्या जरा वर दोन्ही बाजूंना उघड्या पाठीवर ऐकायला डॉक्टरांना सांगा.